मोटारीच्या मेंदूची नाडीपरीक्षा

चेन्नई शहराच्या पश्चिम भागात अण्णा नगर नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. तमिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांच्या नावावरून ती ओळखली जाते. तमिळमध्ये ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. हा शब्द मराठी घरांनाही परका नाही. १९६८ साली येथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले होते, आणि त्या निमित्ताने उभारलेला १३५ फूट उंचीचा विश्वेश्वरय्या मनोरा येथील उद्यानात आजही उभा आहे. वसाहतीच्या उत्तरेस पाडी हा औद्योगिक भाग लागतो. मोटारींचे स्टार्टर आणि विद्युत्‌जनित्रे तयार करणारा लुकास-टीव्हीएस हा १९६१ साली स्थापन झालेला कारखाना तेथलाच. मोटारीच्या विजेशी या परिसराचा संबंध असा जुना आहे.

महाराष्ट्रात दिवाळी उलटली की आकाश निरभ्र होते. चेन्नईचा खरा पावसाळा मात्र त्याच सुमारास सुरू होतो. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून पाऊस आणतात आणि एखाद्या वर्षी तो अनावर होतो. १ डिसेंबर २०१५ रोजीची अतिवृष्टी आणि डिसेंबर २०२३ मधील मिचौंग चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहरातील असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर वरून धडधाकट दिसणाऱ्या या गाड्या चालू होईनात. हानी आत, तारांच्या जोडांत झालेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

समजा, अशाच एका पावसाळी सकाळी अण्णा नगरमधील एका गृहस्थाने आपली मोटार सुरू करण्यासाठी किल्ली फिरवली. स्टार्टरने एंजिन गरगर फिरवले. परंतु ते पेट घेईना. मेकॅनिक आला. त्याने चालकाच्या पायांजवळ, फलकाखाली असलेल्या खोबणीत आपले स्कॅनर नावाचे उपकरण जोडले. उपकरणाचा पडदा उजळला, त्याने काही क्षण शोध घेतला आणि ‘संपर्क होत नाही’ असे कळवले. मेकॅनिकने मान हलवली. “साहेब, ईसीएम गेला. नवा घालावा लागेल.”

ईसीएम म्हणजे एंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक. गाडीतील सर्वांत महाग सुट्या भागांत त्याची गणना होते. मेकॅनिकचा हा निर्णय बरोबर असेल काय? असूही शकेल. पण ज्या पुराव्यावर तो दिला गेला, तो पुरावा अगदी तुटपुंजा आहे. दार ठोठावले आणि आतून उत्तर आले नाही, एवढ्यावरून घरातील माणूस मरण पावला असे कोणी म्हणत नाही. तो झोपलेला असेल, दाराची घंटा बिघडली असेल, किंवा त्याच्या तोंडावर कोणी हात दाबून धरला असेल. एंजिनाच्या संगणकाच्या बाबतीत या तीनही शक्यता अक्षरशः खऱ्या ठरतात, हे पुढे दिसून येईल.

एंजिनात संगणक आला कसा?

साठीच्या दशकात मद्रासमध्येच तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड मोटार घ्या. तिच्यात विजेचे काम मोजकेच असे: बॅटरी, ती भारणारे जनित्र, स्टार्टर, दिवे, भोंगा, आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. गाडी अडली की मिस्त्री वितरकाचे झाकण उघडी, संपर्कबिंदू पॉलिश पेपरने घाशी, एखादी वायर काढून एंजिनाच्या अंगावर टेकवी आणि ठिणगी पडते की नाही ते पाही. बहुतेक बिघाड असे डोळ्यांना दिसत किंवा कानांना ऐकू येत.

मोटारींच्या धुराने शहरांची हवा बिघडू लागली, तेव्हा हे चित्र पालटले. इंधन नेमके मोजून दिल्याखेरीज धूर स्वच्छ होणे शक्य नव्हते, आणि असे क्षणोक्षणी मोजमाप ठेवणे कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. ते काम संगणकाकडे गेले. १९९८ साली चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर परिसरातील कारखान्यातून ह्युंदाईची सँट्रो बाहेर पडली, तिच्यात कार्ब्युरेटर नव्हता. इंधनाचे फवारे संगणकाच्या आज्ञेने उडत. पुढे एप्रिल २०१० मध्ये ‘भारत स्टेज ४’ ही प्रदूषण-मर्यादा चेन्नई, मुंबई, पुणे, सोलापूर आदी तेरा शहरांत प्रथम लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ आली.

संगणकाने एंजिन चालवावे एवढ्यावर कायदा थांबला नाही. त्याने स्वतःच्या यंत्रणेवर पहाराही ठेवावा आणि काही बिघडल्यास फलकावरील दिवा लावून ते सांगावे, अशी सक्ती आली. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून या पहाऱ्याचे सर्व कंपन्यांना समान असे रूप ठरले. भारतात याची पहिली पायरी २०१० मध्ये व दुसरी २०१३ मध्ये आली. सोळा टोकांची जी खोबण मेकॅनिक शोधतो ती या कायद्याची देणगी होय. गाडी कोणत्याही कंपनीची असो, खोबणीचा आकार तोच, आणि मुख्य टोकांचे क्रमांकही तेच.

संगणकाला काय दिसते?

संगणक एका बंद धातूच्या डबीत बसलेला असतो. त्याला पेट्रोल दिसत नाही, उष्णता जाणवत नाही, आवाज ऐकू येत नाही. त्याला फक्त एकच गोष्ट समजते: आपल्या अमुक टोकावर या क्षणी किती व्होल्ट आहेत. बाहेरच्या जगाचे सर्व ज्ञान त्याला या व्होल्टांवरून करून घ्यावे लागते. त्यासाठी एंजिनात ठिकठिकाणी संवेदक, म्हणजेच मेकॅनिकच्या भाषेत सेन्सर, बसवलेले असतात.

एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर हा त्यांतील सर्वांत साधा. त्याच्या पोटात एक असा पदार्थ असतो, की जो तापला असता त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो. संगणक आपल्या आतील एका ठरावीक रोधातून ५ व्होल्टांचा दाब या सेन्सरकडे पाठवतो. पाणी गार असेल तर सेन्सरचा रोध मोठा, म्हणून टोकावर व्होल्ट जास्त उरतात. पाणी तापले की रोध घटतो आणि व्होल्टही उतरतात. संगणकाच्या स्मृतीत एक कोष्टक साठवलेले असते. अमुक व्होल्ट म्हणजे अमुक अंश, असे ते कोष्टक.

आता या सेन्सरची वायर मध्येच तुटली तर काय होईल? प्रवाह वाहणार नाही, आणि टोकावर पूर्ण ५ व्होल्ट राहतील. कोष्टकाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: अतिशय थंडी. पुष्कळ गाड्यांत अशा वेळी स्कॅनरवर उणे ४० अंश सेल्सियस ही संख्या उमटते. (योगायोगाची गोष्ट अशी, की फॅरनहाइट मापानेही ती उणे ४० च असते, दोन्ही मापे या एकाच ठिकाणी जुळतात.) चेन्नईत पारा क्वचितच १८ अंशांखाली उतरतो. तेथे एंजिनातील पाणी उणे ४० अंशांवर आहे, असे संगणक गंभीरपणे सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याला जे दिसले तेच तो सांगतो.

यातून एक सुंदर परीक्षा निघते. सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि स्कॅनरकडे पाहावे. वाचन उणे ४० झाले पाहिजे. मग कनेक्टरमधील दोन्ही टोके एका छोट्या वायरने एकमेकांस जोडावीत. आता व्होल्ट शून्याजवळ येतील आणि स्कॅनरने पराकोटीची उष्णता दाखवली पाहिजे. ही दोन्ही वाचने अपेक्षेप्रमाणे आली, तर वायर शाबूत आहे, संगणकही शाबूत आहे, आणि दोष असलाच तर तो सेन्सरमध्येच आहे. वाचन बदललेच नाही, तर दोष वायरीत किंवा संगणकात. पाच मिनिटांच्या या प्रयोगात एकही सुटा भाग विकत आणावा लागत नाही. काही गाड्यांचे संगणक बिघाड ओळखताच खऱ्या वाचनाऐवजी एक कल्पित सुरक्षित आकडा दाखवतात, हे मात्र परीक्षकास ठाऊक असले पाहिजे. शिवाय ही दोन टोके जोडण्याची युक्ती याच दोन वायरींच्या सेन्सरपुरती आहे. दिसेल त्या कनेक्टरची टोके जोडत सुटणे म्हणजे नवा बिघाड ओढवून घेणे होय.

बिघाड झाला की संगणक एक सांकेतिक क्रमांक साठवतो. ‘पी ०११८’ हा त्यांपैकी एक. त्याचा अर्थ पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरच्या मंडलात व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त आहेत, इतकाच आहे. सेन्सर खराब आहे असा नाही. ‘पी ०१७१’ हा असाच दुसरा क्रमांक. मिश्रणात इंधन कमी पडत आहे, एवढेच तो सांगतो. अनेक ठिकाणी हा क्रमांक पाहताच धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वस्तुतः त्या बिचाऱ्या सेन्सरने आपले काम चोख बजावलेले असते, आणि हवेच्या एखाद्या नळीला तडा गेलेला असतो. तक्रार घेऊन आलेल्यालाच शिक्षा देण्याचा हा प्रकार होय.

मौनाची कारणे

अण्णा नगरच्या त्या गाडीत मात्र क्रमांक वाचण्याची वेळच आली नाही. संगणक बोलतच नव्हता. अशा वेळी कोठून प्रारंभ करावा?

पहिला प्रश्न: स्कॅनरला स्वतःला वीज मिळते काय? साधा स्कॅनर गाडीच्याच बॅटरीवर चालतो. खोबणीतील १६ क्रमांकाच्या टोकावर बॅटरीचा धन दाब नेहमी असतो. ४ व ५ क्रमांकांची टोके ऋण बाजूस, म्हणजे अर्थला, जोडलेली असतात. स्कॅनरचा पडदा उजळलाच नाही, तर या तीन टोकांची तपासणी प्रथम करावी. पुष्कळ गाड्यांत १६ क्रमांकाच्या टोकाचा फ्यूज आणि सिगारेट पेटवण्याच्या खोबणीचा फ्यूज एकच असतो. त्या खोबणीत एखादे नाणे पडले, की फ्यूज जळतो आणि स्कॅनर मुका होतो. काही रुपयांचा फ्यूज बदलला असता सुटणारे हे संकट आहे. आपल्या उदाहरणात पडदा उजळला होता. तेव्हा हा प्रश्न मिटला.

दुसरा प्रश्न: संगणकाला वीज मिळते काय? याचा एक अंदाज कोणतेही उपकरण न वापरता करता येतो. किल्ली फिरवली, पण एंजिन सुरू केले नाही, की फलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. अनेक गाड्यांत हा दिवा एंजिनाचा संगणकच लावतो. तो लागला नाही तर संगणक जागा झालेला नाही, असा तर्क करता येतो. काही नव्या गाड्यांत फलकाचा स्वतःचा संगणक असतो व संपर्क तुटल्यास तो हा दिवा आपण होऊनच लावतो. म्हणून या खुणेस पुरावा न मानता सूचना मानावे. समजा, या गाडीत दिवा लागला नाही.

आता मोजमाप आले. पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बारा व्होल्टांच्या आसपास रेंगाळणारी बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. स्टार्टर फिरत असताना हा दाब दहा व्होल्टांच्या फार खाली गेला, तर संगणक मधूनच बेशुद्ध पडतो, आणि स्कॅनरचा संपर्क नेमका त्याच क्षणी तुटतो. हे ठीक असेल, तर संगणकाच्या कनेक्टरवर वीज आणणाऱ्या वायरी आणि अर्थच्या वायरी तपासावयाच्या.

येथे मोटारीच्या विद्युत्‌शास्त्रातील सर्वांत फसवी गोष्ट समोर येते, आणि तिच्याकडे थोडे सावकाश पाहणे आवश्यक आहे.

जाड वायर म्हणजे तांब्याच्या अनेक बारीक तंतूंचा पेळ. समजा, तिच्यात वीस तंतू आहेत आणि गंजामुळे एकोणीस तुटून एकच उरला आहे. मल्टिमीटरने तिचा रोध मोजला तर तो जवळजवळ शून्य दिसतो. तिच्यावरील व्होल्ट मोजले, तर तेही पूर्ण बारा दिसतात. कारण मीटर स्वतः नाममात्र प्रवाह घेतो. त्याचा आतील रोध बहुधा एक कोटी ओमचा असतो. तेवढा प्रवाह एक तंतू सहज वाहून नेतो. परंतु संगणकाला आणि त्याच्या हुकुमावर चालणाऱ्या इंजेक्टरांना व ठिणगीच्या कॉइलना मिळून काही अँपियर लागले, की तोच तंतू गळपटतो. ज्या पुलावरून एक पोरगा पळत गेला, तो पूल मालगाडीला चालेल असे मानण्यासारखे हे आहे.

ओमचा नियम हे सारे एका ओळीत सांगतो: प्रवाह गुणिले रोध म्हणजे हरवलेला दाब. अर्थच्या जोडावर गंज चढून ०.२ ओमचा रोध निर्माण झाला आहे असे धरा. हा रोध इतका लहान आहे, की साध्या मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा भरतो. तो मोजून सापडणे कठीण. तरीही त्यातून १० अँपियर वाहू लागले, की २ व्होल्ट तेथेच हरवतात. बॅटरी १२.४ व्होल्ट देत असताना संगणकाला १०.४ च मिळतात. त्याहून वाईट म्हणजे, संगणक ज्याला ‘शून्य’ समजतो ते शून्यच दोन व्होल्टांनी वर उचलले जाते. गवंड्याची पट्टीच चुकीची निघाली, तर भिंतीचे प्रत्येक माप चुकणार.

म्हणून जाणता मेकॅनिक अर्थची परीक्षा मंडल चालू ठेवून करतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवावर, दुसरे संगणकाच्या अर्थच्या टोकावर, मीटर व्होल्टांवर. किल्ली चालू करावी, शक्यतो स्टार्टरही फिरवावा. जोड निरोगी असेल, तर एक दशांश व्होल्टाहून अधिक फरक दिसता कामा नये. बॅटरीच्या धन ध्रुवापासून संगणकापर्यंतही हीच रीत.

याहूनही साधी युक्ती आहे ती दिव्याची. वळणाची खूण करणारा २१ वॉटचा बल्ब घ्यावा. बारा व्होल्टांवर तो पावणेदोन अँपियर घेतो. संगणकाचा कनेक्टर काढून, त्यात येणारी वीज व अर्थ यांच्या टोकांमध्ये हा बल्ब जोडावा. तो झगझगीत पेटला, तर वायर खरोखर काम करण्यास समर्थ आहे. मिणमिणला, तर मीटर काहीही म्हणो, वायर आजारी आहे. मात्र हा बल्ब फक्त विजेच्या आणि अर्थच्या वायरींवर लावावा. सेन्सरच्या अथवा संदेशाच्या वायरींवर लावल्यास संगणकातील नाजूक भाग जळू शकतात. जुन्या मिस्त्रीची वायर टेकवून ठिणगी पाहण्याची सवयही हेरल्डबरोबरच निवृत्त झालेली बरी.

पाण्याचा डाव

पावसाने हे जोड का बिघडतात, याचे कारण केवळ ‘ओल लागली’ एवढे नाही. शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. पण रस्त्यावरचे पाणी शुद्ध नसते. आणि चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात हवेतही खारे कण असतात. असे पाणी कनेक्टरात शिरले, की तेथे एक छोटासा विद्युत्‌घट तयार होतो. धन टोकाचे तांबे हळूहळू विरघळून त्याची हिरवट भुकटी होते. म्हणूनच बुडून निघालेल्या गाडीच्या कनेक्टरात ज्या टोकावर सदैव वीज असते तेच टोक बहुधा आधी खाल्लेले आढळते, आणि शेजारची टोके चकचकीत असतात. पाणी चढलेल्या गाडीची किल्ली फिरवून पाहू नये, बॅटरीची वायर प्रथम काढावी, हा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. वीज नसेल तर ही झीज पुष्कळच मंदावते.

आणखी एक गोष्ट. दिव्याच्या वातीत तेल चढते, त्याच नियमाने वायरीच्या तंतूंमधील फटींतून पाणी आवरणाच्या आतून पुढे सरकते. वायर जिथे भिजली तिथून हातभर दूर, कोरड्या वाटणाऱ्या जागी, ती आतून काळी पडलेली निघते. बिघाडाची जागा आणि पाणी शिरण्याची जागा एकच असेल असे समजणे चुकीचे.

पाच व्होल्टांचे कोडे

अण्णा नगरच्या गाडीत वीज पूर्ण होती, बल्ब झगझगीत पेटला, अर्थचा फरक नगण्य होता. तरी संगणक मुका. आता तिसरा प्रश्न: संदेशाची वाट मोकळी आहे काय?

आधुनिक मोटारीतील संगणक एकमेकांशी व स्कॅनरशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. या पद्धतीस ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने तिचा आराखडा १९८६ साली जगापुढे मांडला. खोबणीत ६ आणि १४ क्रमांकांच्या टोकांवर या वायरी येतात. वायरींच्या दोन्ही शेवटांस १२० ओमचा एकेक रोध असतो. दोन समान रोध समांतर जोडले की मिळून निम्मा रोध होतो. म्हणून बॅटरी काढून ६ व १४ यांच्यामध्ये मोजले असता ६० ओम मिळावयास हवेत. १२० मिळाले, तर एका शेवटाकडील वायर तुटली आहे किंवा तिथला कनेक्टर सुटला आहे. जवळजवळ शून्य मिळाले, तर दोन वायरी कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरी जोडल्यावर, शांततेच्या क्षणी, दोन्ही वायरींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात; संदेश जाताना एक साडेतीनकडे चढते व दुसरी दीडकडे उतरते. या गाडीत ६० ओम बरोबर मिळाले. वाट मोकळी होती. चालणारा मात्र बाहेर पडत नव्हता.

येथवर आलेला मेकॅनिकही पुष्कळदा म्हणतो, ‘आता तरी संगणकच.’ परंतु एक परीक्षा अजून उरलेली आहे, आणि ती विसरली जाते.

संगणक आपल्या सेन्सरांना जे ५ व्होल्ट पुरवतो, ते बॅटरीच्या बारा व्होल्टांपासून तो स्वतःच तयार करतो, आणि एकाच पुरवठ्यावर अनेक सेन्सर जगतात. चाळीतील एका नळावर सात-आठ बिऱ्हाडे असावीत तसे हे आहे. एका बिऱ्हाडाने नळ मोकळा सोडला, तर सगळ्यांचेच पाणी जाते. एखाद्या सेन्सरच्या पोटात दोन टोके चिकटली, किंवा त्याची पाच व्होल्टांची वायर घासून गाडीच्या अंगाला लागली, तर सगळा पुरवठा खाली बसतो. काही संगणकांत त्यामुळे फक्त सेन्सर आंधळे होतात आणि ‘पी ०६४२’ सारखा क्रमांक उमटतो. पण काही संगणकांची रचना अशी असते, की त्यांचे स्वतःचे विचारचक्रही त्याबरोबर थांबते. मग दिवा नाही, ठिणगी नाही, स्कॅनरला उत्तर नाही. घरातील माणूस जिवंत आहे. फक्त त्याच्या तोंडावर हात दाबून धरलेला आहे.

तेव्हा कोणत्याही सोयीच्या सेन्सरच्या कनेक्टरवर पाच व्होल्टांची वायर शोधावी आणि मीटर लावावा. या गाडीत तेथे ०.३ व्होल्ट मिळाले. कोडे सुटण्याच्या मार्गाला लागले. मीटर तेथेच जोडून ठेवून एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जावयाचे, इतकेच काम उरले. पायाच्या पेडलचा काढला, फरक नाही. हवेच्या दाबाचा काढला, फरक नाही. एंजिनाशी संबंधित सर्व सेन्सर झाले, तरी आकडा हलेना. अखेरीस गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरसमोर, वाऱ्या-पावसाच्या थेट माऱ्यात बसलेला वातानुकूलन यंत्रणेतील दाबाचा सेन्सर काढला, आणि मीटर ५ व्होल्टांवर उडी मारून स्थिरावला. पिवळा दिवा लागला. स्कॅनरने संगणकाचे नाव वाचले. एंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले.

थंड हवेसाठी बसवलेल्या सेन्सरात पाणी शिरावे आणि त्यामुळे एंजिन बंद पडावे, हे वरकरणी अतर्क्य वाटते. ते केवळ अंदाजाने कधी सापडले नसते. क्रमाने मोजत गेल्याने सापडले. आणि मेकॅनिकच्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे नवा संगणक आणला असता तर? तो नुसता बसवून चालत नाही. चोरीपासून संरक्षणासाठी किल्लीतील खूण संगणकाला ओळखीची करून द्यावी लागते, आणि त्यासाठी अधिकृत उपकरण व वेळ लागतो. एवढे सारे करून तो नवा संगणकही त्याच सेन्सरपुढे मुकाच राहिला असता. मग नवा संगणकही सदोष निघाला, असा निष्कर्ष निघावयास वेळ लागला नसता!

संगणक खरोखर कधी बिघडतच नाही, असे अर्थातच नाही. त्याच्या डबीत पाणी शिरले, बॅटरी उलटी जोडली गेली, किंवा गाडीवर वायरी न काढताच वेल्डिंग केले, तर तो जळू शकतो. परंतु त्याच्यापर्यंत येणारी वीज पूर्ण आहे, अर्थ निर्दोष आहे, संदेशाच्या वायरी शाबूत आहेत, सर्व सेन्सर काढल्यावरही पाच व्होल्ट उगवत नाहीत, इतके सिद्ध झाल्यावरच त्याच्यावर दोष ठेवता येतो.

अधूनमधून येणारा बिघाड हा याहून कठीण. गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर बंद पडते. अशा वेळी एंजिन चालू ठेवून वायरींचे जुडगे एकेक करून हलक्या हाताने हलवावे लागतात, आणि दुसऱ्या हाताशी मीटर अथवा स्कॅनरचा पडदा ठेवावा लागतो. आकडा ज्या क्षणी दचकतो, ती जागा खूण करून ठेवावयाची. बिघाड नोंदवताना संगणकाने त्या क्षणीचा वेग, तापमान, एंजिनाचे फेरे यांचे एक चित्रही साठवलेले असते. क्रमांक पुसण्यापूर्वी ते उतरवून घेणे अगत्याचे आहे, कारण क्रमांकाबरोबर तेही पुसले जाते. मोठ्या उत्साहाने आधी क्रमांक पुसून मग कारण शोधू लागणारे लोक आपला एकमेव साक्षीदार घालवून बसतात.

अण्णा नगरच्या गाडीत पावसाने खराब झालेला तो सेन्सर काढूनच ठेवला गेला. नवा येईपर्यंत गाडी चालली. थंड हवा मात्र मिळाली नाही, कारण दाब समजल्याशिवाय संगणक वातानुकूलन यंत्र सुरू करू देत नाही. नवा सेन्सर बसवताना कनेक्टरमधील टोके स्वच्छ केली गेली, त्याचे फाटलेले रबरी कडे बदलले गेले, आणि वायर हातभर मागेपर्यंत उघडून आतून काळी पडली आहे काय, ते पाहिले गेले. साठलेले क्रमांक उतरवून घेऊन पुसण्यात आले. त्यानंतर संगणकाला आपल्या सर्व स्वपरीक्षा नव्याने पूर्ण कराव्या लागतात. त्यांतील काही थंड एंजिनावर, तर काही एकसारख्या वेगाने बराच काळ धावतानाच होतात. अण्णा नगरच्या सिग्नलांवर थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीला त्यासाठी अनेक दिवस लागू शकतात. तोपर्यंत स्कॅनरवर त्या परीक्षांपुढे ‘अपूर्ण’ असे दिसत राहते, आणि तो बिघाड नव्हे.